सेल्फ नुसता ‘टक’ करतो आणि बॅटरी ठणठणीत

चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागत होते, हॉर्न खणखणीत वाजत होता. सेल्फ मारला की मात्र बॉनेटखालून एकच ‘टक’ यायचा आणि इंजिन जागचं हलायचं नाही. अशा वेळी पहिला संशय बॅटरीवर जातो आणि पुष्कळदा तो खराही निघतो. इथे दोष भलतीकडेच होता. तो सापडला मल्टिमीटरच्या चार-पाच रीडिंगांत, पण ती सगळी रीडिंग सेल्फ मारत असतानाच घ्यावी लागली.

आधी आवाज नीट ऐकायचा. ‘टकटकटकटक’ असा सलग आवाज आला तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. सोलेनॉइड, म्हणजे सेल्फच्या मोटरला करंट जोडणारा विजेवर चालणारा स्विच, ओढला जातो, मोटरने करंट मागितला की व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत वर येतं आणि तो पुन्हा ओढला जातो. काहीच आवाज नसेल तर चावीपासून सोलेनॉइडपर्यंतची बारीक वायर, सेल्फचा रिले, क्लचखालचा स्विच किंवा इमोबिलायझर (चावी ओळखली नाही तर गाडी चालू होऊ न देणारी यंत्रणा) यांच्याकडे बघायचं. इंजिन भरभर फिरतंय पण चालू होत नाही, तर सेल्फच्या वाटेला जाऊच नका, तो वेगळा शोध आहे. एकच दणकट ‘टक’ म्हणजे सोलेनॉइडने आपलं काम केलंय, मोटर फिरत नाहीये. याला मुख्य कारणं तीन: मोटरपर्यंत पुरेसा करंट पोचत नाही, सोलेनॉइडच्या आतला तांब्याचा कॉन्टॅक्ट जळालाय, किंवा मोटरच गेलीय वा जाम झालीय.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, हातातली अंगठी आणि कडं काढून ठेवलेलं. पाना चुकून प्लस आणि बॉडी यांच्यामध्ये टेकला तर तो जागच्या जागी लाल होतो, आणि अंगठी पान्यापेक्षा बारीक असते.

मीटर २० व्होल्ट डीसीवर. प्रोब, म्हणजे मीटरच्या वायरीचं टोक, टर्मिनलच्या क्लॅम्पवर टेकवायचा नाही, मधल्या शिशाच्या खुंटावर टेकवायचा. सगळं बंद असताना रीडिंग आलं १२.४५. पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते, १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. १०.५ च्या आसपास येऊन तिथेच अडकली तर बहुधा सहापैकी एक सेल बसलेला असतो. १२.४५ वर पेट्रोल इंजिन सहज फिरायला हवं. पण नुसत्या पडून असलेल्या बॅटरीचं व्होल्टेज म्हणजे अर्धीच गोष्ट, म्हणून कुणाला तरी चावीवर बसवून सेल्फ मारायला लावला आणि खुंटांवरचं रीडिंग पाहिलं: ११.९.

इथेच थबकायला हवं. सेल्फ नीट फिरत असताना दीडशे अँपिअरच्या घरात करंट खेचतो, तेव्हा चांगल्या बॅटरीचंही व्होल्टेज दहा-साडेदहापर्यंत खाली येतं. ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी कमजोर. मोटर जाम असेल तर करंट आणखी वाढतो आणि व्होल्टेज आणखी पडतं. ११.९ म्हणजे बॅटरीकडून फारसं कुणी काही मागतच नाहीये. वाटेत कुठेतरी करंट अडतोय. हेडलाइट लावून सेल्फ मारला तरी हेच दिसतं: प्रकाश अगदी मंद झाला तर बॅटरी किंवा जाम मोटर, जेमतेम फरक पडला तर वाटेतला अडथळा. बॅटरी बदलायच्या आधी एवढं जरी पाहिलं तरी खर्च वाचतो.

अडथळा शोधायला ओहमवर मीटर लावू नका. मीही लावून पाहिलाच होता. ज्या पट्टीवर शेवटी दोष निघाला तिच्या दोन टोकांना मीटरने ०.३ ओहम दाखवलं, मध्येच ०.४. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवले तरी ०.३ च. तो रोध मीटरच्या स्वतःच्या वायरींचा होता. सेल्फच्या सर्किटमध्ये ०.०५ ओहमसुद्धा गाडी अडवायला पुरतो, कारण १०० अँपिअरला तिथेच ५ व्होल्ट खाल्ले जातात. इतका बारीक रोध साध्या मीटरला दिसत नाही. त्याने खाल्लेलं व्होल्टेज मात्र दिसतं, फक्त करंट वाहत असताना.

म्हणून व्होल्टेज ड्रॉप. तार जोडलेलीच ठेवायची, मीटर डीसी व्होल्टवरच, एक प्रोब वाटेच्या एका टोकाला, दुसरा दुसऱ्या टोकाला, आणि मग सेल्फ. चांगल्या वाटेवर जवळजवळ शून्य येतं, जे काही येईल ते त्या तुकड्यात वाया जाणारं व्होल्टेज. प्लसच्या पूर्ण वाटेवर अर्ध्या व्होल्टच्या आत, अर्थिंगच्या, म्हणजे मायनसकडे परतणाऱ्या, वाटेवर ०.२ ते ०.३ च्या आत असावं. चावी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त धरायची नाही, कारण न फिरणारी मोटर लगेच तापते. आणि मीटर चुकूनही अँपिअरवर ठेवायचा नाही. त्याची कमाल १० अँपिअर, म्हणजे फ्यूज नक्की उडणार आणि नशीब वाईट असेल तर मीटरही जाणार.

प्लस खुंटापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत ०.२ आलं. ठीक. मायनस खुंटापासून सेल्फच्या बॉडीपर्यंत ७.२. सेल्फच्या बोल्टपासून त्याच्याच बॉडीपर्यंत ४.५. बेरीज करून पाहिली, ११.९, म्हणजे हिशोब जुळला. मोटरच्या वाट्याला साडेचार व्होल्ट येत होते, त्यावर ती काय फिरणार! सोलेनॉइडला ओढायला मात्र सुरुवातीला तीस-चाळीस अँपिअरच लागतात, तेवढ्याला व्होल्टेज पुरत होतं. म्हणून ‘टक’ व्हायचं, आणि मोटर जोडली गेली की सगळं बसायचं.

आता सात व्होल्ट कुठे जातात एवढंच बघायचं होतं. काळा प्रोब मायनस खुंटावर धरून लाल प्रोब एकेक जोड पुढे सरकवला. क्लॅम्पवर ०.०२. जाड काळी केबल बॉडीला जिथे आवळली आहे त्या बोल्टवर ०.१. इंजिन ब्लॉकवर ७.१. म्हणजे केबल निर्दोष, बॉडी निर्दोष, दोष बॉडी आणि इंजिन यांच्यामधल्या विणलेल्या तांब्याच्या पट्टीत. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं आणि रबरातून करंट जात नाही, म्हणून ही पट्टी लागते. सगळ्या गाड्यांत रचना अशीच नसते. काहींत जाड केबल थेट गिअरबॉक्सला जाते आणि बॉडीला एक बारीक वायर असते. आपल्या गाडीत काय आहे ते आधी डोळ्यांनी पाहून घ्यावं.

खात्री करायला जम्पर केबलची एकच काळी वायर घेतली. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिन उचलायच्या लोखंडी हुकाला, रंग नसलेल्या जागी. सेल्फ मारला, इंजिन पहिल्याच फटक्यात चालू. या एका वायरने मीटर नसतानाही अर्थिंगचा निकाल लावता येतो.

पट्टी वरून बरी दिसत होती. सोडवून वाकवली तेव्हा थिंबलच्या (टोकाला दाबून बसवलेल्या, बोल्ट घालायच्या धातूच्या कड्याच्या) तोंडाशी हिरवी पूड गळली. आतल्या बहुतेक तारा कुजून तुटल्या होत्या, वरच्या थोड्या उरल्या होत्या. सुट्ट्या वायरीला मीटर लावला तर तो बारा व्होल्ट बिनदिक्कत दाखवतो आणि फसवतो तो असाच: मीटरला काम करायला एक तारसुद्धा पुरते. मीटरऐवजी २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब लावला तर तो निदान पावणेदोन अँपिअर खातो, त्यामुळे अगदीच मेलेली वायर उघडी पडते. पण या पट्टीवर तोही लख्ख पेटला असता.

हाच दोष बॅटरीवर का ढकलला जातो तेही इथे समजतं. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर इंजिनवर बसलेला असतो, त्यामुळे त्याच्या करंटलाही याच पट्टीतून परतावं लागतं. पट्टी कुजली की बॅटरी अर्धवट चार्ज राहते. नवी बॅटरी घातली की ती भरलेली असल्यामुळे काही दिवस गाडी कशीबशी चालू होते आणि सगळ्यांना वाटतं की रोग गेला. जुन्या केबलवाल्या गाड्यांत करंट दुसरी वाट शोधतो आणि ॲक्सिलरेटरची केबल गरम होते. तसं काही जाणवलं तर दुसरं काही तपासूच नका, आधी अर्थिंग.

बसवताना बॅटरीचं मायनस आधी काढलं आणि सर्वांत शेवटी लावलं. नवी पट्टी २५ चौरस मिलिमीटरची, जुनीपेक्षा बारीक नाही, आणि थोडी सैल, कारण सेल्फ मारताना इंजिन हलतं. ताणून बसवलेली पट्टी पुन्हा थिंबलपाशीच तुटते. दोन्ही जागांवरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून लोखंड चकचकीत केलं, खाली दातेरी वॉशर घातला आणि पान्याने आवळलं. पेट्रोलियम जेली आवळून झाल्यावर वरून लावली. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-निळसर बुरशी होती, ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ब्रश मारून काढली. झाकणाच्या भोकांत ते पाणी जाऊ द्यायचं नाही.

मग तीच रीडिंग पुन्हा, फ्युएल पंपाचा फ्यूज काढून, म्हणजे इंजिन चालू न होता सेल्फ फिरत राहील. बॉडी ते ब्लॉक ०.०६, अर्थिंगची पूर्ण वाट ०.१८, बॅटरीच्या खुंटांवर १०.४. बॅटरीचं व्होल्टेज आधीपेक्षा दीड व्होल्टने खाली आलं, आणि ते तसंच यायला हवं होतं. फ्यूज परत लावून इंजिन चालू केलं, बॅटरीवर १४.२. अर्धवट राहिलेली बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवली. आठवड्याने पट्टीचे दोन्ही बोल्ट पुन्हा आवळून पाहिले तेव्हा बॉडीकडचा पाव आटा फिरला.