वाजवून घेतलेला नारळ

कोपऱ्यावरच्या नारळवाल्याने परवा माझी पंचाईत केली. नेहमीप्रमाणे मी एक नारळ उचलला, कानाशी हलवला, टिचकी मारली, ठेवला. मग दुसरा, तिसरा, चौथा. चौथा पसंत करून पुढे केला, तर तो शेंडी धरून पिशवीत टाकत म्हणाला, "काका, वाजवता चार, पण नेता कायम शेवटचाच."

"त्यात पाणी जास्त वाटलं," मी म्हणालो. उत्तर इतकं झटकन आलं की माझा मलाच संशय आला.

वाजवणं अगदीच थोतांड नाही म्हणा. पाणी आटलेला नारळ हलवल्यावर कळतोच. पण चारही बरे असतील तर? मला स्टॉकिंग्जची गोष्ट आठवली. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ती १९७७ साली छापली. टेबलावर नायलॉनच्या स्टॉकिंग्जच्या चार जोड्या मांडायच्या आणि गिऱ्हाइकांना विचारायचं, यातली उत्तम कोणती? डावीकडून उजवीकडे मतं पडली १२, १७, ३१ आणि ४० टक्के. जोड्या मात्र चारही हुबेहूब एकसारख्या! निवडीचं कारण विचारलं तेव्हा 'ती उजव्या टोकाला होती' असं एकानेही सांगितलं नाही. जागेमुळे निवडली का, असं थेट विचारल्यावर तर लोक विचारणाऱ्याकडेच काळजीने बघायला लागले. बरोबरच आहे. नारळवाल्याकडे मीही तसंच बघितलं होतं.

म्हणजे निर्णय पुढे जातो आणि कारण वरातीमागून घोड्यासारखं येतं. बेंजामिन लिबेट या अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये तर हे घड्याळ लावूनच मोजलं. माणसाने मनाला येईल तेव्हा मनगट हलवायचं आणि 'आता हलवू' असं कधी वाटलं ते सांगायचं. वाटायचं हालचालीच्या साधारण ०.२ सेकंद आधी, पण मेंदूतली विद्युत तयारी त्याच्याही आधी, हालचालीच्या सुमारे अर्धा सेकंद आधीच सुरू झालेली असायची. मेंदूतली ही विद्युत तयारी म्हणजे निर्णय नव्हेच, नुसती आपसूक होणारी खळबळ आहे, असंही पुढे काही संशोधकांनी मांडलं. वाद मिटलेला नाही. खुद्द लिबेट यांनी माणसाच्या हाती एक हुकमाचं पान ठेवलं होतं: सुरुवात आपली नसेल, पण शेवटच्या क्षणी 'नको' म्हणता येतं. ते पान मला आवडलं. नारळाच्या गाडीवर नाही, पण रात्री फ्रीजसमोर ते कधीमधी चालतं.

या आठवड्यात ठरवून गेलो. रोज डावीकडून सुरुवात करतो, आज उजवीकडून केली. पहिला हलवला, ठेवला. दुसऱ्याला टिचकी मारली. तिसरा जरा हलका वाटला. चौथा उचलला आणि नारळवाल्याने काही न बोलता पिशवी पुढे केली.

"आज खरंच हाच चांगला आहे," मी म्हणालो.

"हो ना काका," तो म्हणाला.

घरी फोडला तर खोबरं जाड, पाणी गोड. बायको विळीवर बसून खोवायला लागली. "छान निघाला रे. कसं कळतं तुला?"

"आवाजावरून," मी म्हणालो.