ओतून का नाही घेतलास?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते. विचारणारे बदलतात, प्रश्न तोच असतो. कोल्हापुरात राहतेस, वडील जन्मभर पॅटर्नमेकर (ओतकामासाठी लाकडी नमुने करणारे), कारखान्यांचं उद्यमनगर हाकेच्या अंतरावर; मग मारुती जिप्सीचा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा, ओतून घ्यायचा सोडून घरामागच्या शेडमध्ये ॲल्युमिनियमचे पाइप नि पत्रे जोडत का बसलीस? काही जण एवढ्यावर थांबतात. काही जण पुढे जाऊन म्हणतात, बापाचं काम नाकारलंस. पहिल्या प्रश्नाला मी आजवर नीट उत्तर देत आले. दुसरं वाक्य ऐकलं की घास गिळवत नाही.

आधी दोन किरकोळ गोष्टी उरकते. विकतचा का नाही घेतला? जिप्सीच्या जी 13 बीबी इंजिनासाठी मला हव्या त्या मापाचा तयार मिळाला नाही. गाडी अशीच रस्त्यावर फिरवतेस का? नाही. गाडीत बदल करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मी वाचलेलं आहे, त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निकालही माहीत आहे. माझी जिप्सी ट्रेलरवर चढून शर्यतीच्या मैदानात जाते, ट्रेलरवरूनच परत येते.

आता मूळ मुद्दा. ओतून घेतला नाही, हेच मुळात खोटं आहे. ओतला होता.

ड्रॉइंग माझं, पॅटर्न आबांचा, म्हणजे वडिलांचा. निवृत्तीनंतर त्यांनी पहिल्यांदाच अख्खा पॅटर्न हातात घेतला होता. जुनं सागवान काढलं, माळ्यावरची कॉन्ट्रॅक्शनची पट्टी काढली. ह्या पट्टीवरचा मीटर खऱ्या मीटरपेक्षा मोठा असतो, ॲल्युमिनियमसाठी साधारण 13 मिलिमीटरने, कारण धातू थिजून थंड होताना तेवढा आकसतो. रनर म्हणजे एकेका सिलिंडरकडे हवा नेणारी नळी, प्लेनम म्हणजे त्या चौघींची सामाईक हवेची पेटी, आणि कोअर म्हणजे ओतताना आतली पोकळी राखणारा रेतीचा गाभा. चार वाकड्या रनरचे कोअर एका प्लेनमच्या कोअरला जोडलेले, असा तो कोअर बॉक्स, म्हणजे ते गाभे घडवायचा साचा. माझ्या ड्रॉइंगमधली एक त्रिज्या त्यांनी न विचारता वाढवली आणि मग मला दाखवली. "हितं रेती तुटली असती," म्हणाले. बरोबर होतं.

ओळखीच्या एका फाउंड्रीत, त्यांच्या रोजच्या कामाच्या मधल्या वेळात, एलएम 25 ह्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत एकच नग ओतला. एका नगासाठी कुणी वेळ देत नाही, त्यांनी दिला. जॉब, म्हणजे ओतलेला नग, घरी आला तेव्हा आबांनी ओट्यावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवला आणि पार्टिंग लाइनवरून, साच्याच्या दोन अर्ध्यांच्या सांध्याच्या रेघेवरून, अंगठा फिरवत बसले. दिसायला जॉब सुरेख होता. कुठे ब्लो होल (हवेचं भोक) नाही, कुठे कोल्ड शट (धातू न जुळल्याची रेघ) नाही. शेजारच्या काकू येऊन म्हणाल्या, "जर्मनचं काय केलंय हे, केवढं गुळगुळीत!"

मी नोकरीला आहे क्वालिटीत. दिवसभर दुसऱ्यांचे जॉब मोजते. भिंत मोजायचं अल्ट्रासॉनिक गेज मी आणलं ते संशयाने नाही, सवयीने. ड्रॉइंगवर भिंत 4 मिलिमीटर. दोन नंबरच्या रनरवर वरच्या बाजूला 1.6 आलं. जेल पुसून पुन्हा लावलं, तेच. खालच्या बाजूला 6.4. तीन नंबरला त्याहून थोडं बरं. एक आणि चार ठीक.

आबा म्हणाले, "गोल जागेवर ते यंत्र खरं सांगत न्हाई." त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, वाकड्या पृष्ठभागावर प्रोब नीट टेकला नाही तर आकडा चुकतो. मी लहान प्रोब लावून दाखवला. तेच. मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आई आत कुकर लावत होती, तिने बाहेर डोकावून पाहिलं आणि पुन्हा आत गेली. मी म्हटलं, "आबा, राहू दे. ह्यावरच मशीनिंग करू, बसवून बघू." खरंच म्हटलं होतं, आणि ते कुणी लक्षात ठेवत नाही. आबांनी मान हलवली. "बघू म्हणजे काय? तुला आकडा दिसतोय. काप."

करवत माझ्या हातात होती. व्हाइसमध्ये लाकडाचे तुकडे घालून जॉब धरला, दोन नंबरच्या मधोमध ब्लेड लावलं. ॲल्युमिनियम ब्लेडला चिकटतं, म्हणून आबा मधूनमधून रॉकेलचा थेंब सोडत होते. तुकडा सुटला तेव्हा आत जे दिसलं त्याला व्हर्नियरची गरज नव्हती. भोक गोलाच्या मध्यभागी नव्हतं, वर सरकलेलं होतं. वरची कड नखाएवढी, खालची बोटाएवढी. आबांनी तो तुकडा उजेडात धरला, फिरवला आणि दोनच शब्द बोलले: "कोअर उचलला."

का उचलला, तेही सांगते, कारण "आबांचा पॅटर्न चुकला" असं म्हणणारे भेटलेत. वितळलेलं ॲल्युमिनियम रेतीच्या कोअरपेक्षा जड असतं. धातू आत आला की कोअर तरंगायला बघतो. दोन्ही टोकांच्या कोअर प्रिंटने, म्हणजे साच्यात बसणाऱ्या त्याच्या वाढीव टोकांनी, त्याला धरून ठेवायचं असतं, आणि कोअर लांब नि बारीक असला तर मधे चॅप्लेटचा टेकू द्यावा लागतो. मधले दोन रनर माझ्या ड्रॉइंगमध्ये सगळ्यांत वाकडे होते. कुणाचं चुकलं हे मी ठरवणार नाही. पॅटर्न मापात होता, हे मात्र मी मोजून सांगते.

तोंडाने "राहू दे" म्हटलं, तरी मनातून तेव्हाची मी इथेच थांबली होती. 4 च्या जागी 1.6, रिजेक्ट, विषय संपला. आज मी तिच्याशी भांडते. अगं, हा काही प्रेशर व्हेसल, दाबाची टाकी, नव्हे. हवा दाबून भरणारा टर्बो नाही. आत निर्वात, बाहेर वातावरण, फार तर एक बारचा फरक. 1.6 च्या भिंतीने काय कोसळला असता? त्यावर तिचं उत्तर तयार आहे: दाबाने नसता गेला, कंपनाने गेला असता. ऑटोक्रॉसच्या, म्हणजे आमच्या शर्यतींच्या, मैदानात जिप्सी खड्ड्यांवरून उड्या मारते, थ्रॉटल बॉडीचं, म्हणजे हवेच्या झडपेचं, वजन प्लेनमच्या टोकाला लोंबतं, आणि पातळ-जाड भिंत जिथे भेटते तिथेच तडा सुरू होतो. एक तुकडा पोर्टातून, इंजिनाच्या हवा घेणाऱ्या तोंडातून, आत गेला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन दोन्ही गेले. तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. पण न कापता ब्रॅकेटचा टेकू देऊन एक हंगाम चालवून बघता आला असता, हे माझं म्हणणं तिलाही खोडता येत नाही. आमचा हा वाद मिटलेला नाही.

लोकांना वाटतं त्याहून एक गोष्ट वाईट आहे, तीही सांगते. टिग वेल्डिंगचं एसी करंटवर चालणारं मशीन आणि त्याला लागणाऱ्या आर्गॉन वायूचा सिलिंडर शेडमध्ये आधीपासून होते. मला ॲल्युमिनियम वेल्ड करायचंच होतं. जॉब ओतून आला तेव्हा आनंद झाला, आणि त्याच वेळी आत कुठेतरी हिरमुसलेही होते. म्हणून मी 1.6 वर इतकी अडून बसले का? मला नाही वाटत. गेज माझ्या इच्छेने आकडा दाखवत नाही. पण आबांनी परत त्या फाउंड्रीत शब्द टाकायला टाळाटाळ केली, तेव्हा मी आग्रह धरला नाही, हे खरं.

वेल्डिंगबद्दल विचारणारे बहुतेक "ॲल्युमिनियम अवघड असतं ना?" एवढंच विचारतात. अवघड कुठे असतं ते कुणी विचारत नाही. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा 2000 अंशांच्या वर. म्हणजे आतला धातू पाणी झालेला असतो आणि वरची कातडी तशीच. एसी करंटची अर्धी फेरी ती कातडी फोडते, अर्धी धातूत उष्णता घालते. त्याआधी ॲसिटोनने पुसायचं, मग फक्त ॲल्युमिनियमसाठीच ठेवलेल्या स्टेनलेसच्या ब्रशने घासायचं. आमच्याकडचा पावसाळा तर ह्या कामाचा वैरीच: ओल, तेल, बोटांचा घाम, सगळ्यातून हायड्रोजन येतो आणि वेल्डमध्ये बारीक भोकं सोडून जातो. आणि लोखंडासारखा लाल रंग येत नाही. शेवटपर्यंत पांढरं, मग एकदम चकाकतं आणि खाली पडतं.

रनरसाठी 6063 जातीच्या ॲल्युमिनियमचा पाइप घेतला. एका टोकाला गोल, पोर्टाच्या बाजूला लांबट, असा आकार हवा होता. थंड दाबला तर चिरतो, म्हणून आधी मऊ करायचा. रंग दिसत नाही तर किती तापवायचा? आबांनी कपड्याच्या साबणाची वडी आणून दिली. पाइपला साबण चोळायचा, ब्लो टॉर्च फिरवत राहायची, साबण काळा पडला की थांबायचं. मग पाइप दाबायचा कशावर? पॅटर्नच्या उरलेल्या सागवानातून त्यांनीच पोर्टाच्या आकाराचे ठोकळे काढून दिले, चार रनरचे चार. ते पाइपमध्ये घालून व्हाइसमध्ये आवळले. "बापाचं काम नाकारलं" म्हणणाऱ्यांनी एकदा ते ठोकळे पाहायला यावं.

फिलर, म्हणजे जोड भरायची तार, 4043 जातीची वापरली. 5356 जास्त ताकदीचा असतो, पण त्यात मॅग्नेशियम जास्त, आणि सतत 65 अंशांच्या वर राहणाऱ्या जागी तो वापरू नये. बॉनेटखाली तेवढं तापमान सहज असतं. प्लेनम इंजिनाच्या सीसीच्या दीडपट, म्हणजे दोन लिटरच्या जरा आत, आणि रनरची प्लेनममधली तोंडं कर्ण्यासारखी गोलवलेली. तीक्ष्ण कडेवरून हवा फाटते.

फ्लँज, म्हणजे इंजिनाला बसणारी जाड पट्टी, 12 मिलिमीटर, रनर 3. जाड तुकडा उष्णता पिऊन टाकतो आणि पातळ तुकडा ढासळायला टपलेला असतो. फ्लँज आधी तापवून घेतली, 25 मिलिमीटरच्या लोखंडी प्लेटवर बोल्टांनी आवळली, एक रनर इकडचा, एक तिकडचा असं करत गेले. पूर्ण थंड होईपर्यंत बोल्ट सोडले नाहीत. सोडले तेव्हा फ्लँजने आपलं केलंच. ती वाकली; सरळ पट्टीखाली मधे दीड मिलिमीटरचा फीलर, फट मोजायची पत्ती, गेला. आबा बघत होते. म्हणाले, "आकसणार ते आकसणारच. म्हणून तर आम्ही पट्टीच मोठी घेतो." मीही मशीनिंगसाठी जास्तीचा माल ठेवला होता, मिलिंगवर तोंड सपाट झालं. पण चार नंबरच्या खालच्या कुशीत, जिथे वेल्डिंगची टॉर्च जेमतेम पोचत होती, वेल्डच्या शेवटच्या टोकाला केसासारखी रेघ दिसली. तेवढा भाग घासून, साफ करून पुन्हा भरला. मग पोर्ट बंद करून आत हवा भरली आणि बाहेरून साबणाचं पाणी फिरवलं. बुडबुडा आला नाही.

आबांनी सगळे वेल्ड बोटाने चाचपले आणि विचारलं, "ह्यात जोड किती हाईत बघितलंस? ओतलेल्या जॉबला जोड नसतो." ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. 6061 च्या फ्लँजची ताकद वेल्डच्या शेजारी बरीच कमी होते, आणि ती परत आणायची उष्णता प्रक्रिया घरच्या शेडमध्ये होत नाही. म्हणून प्लेनमला इंजिन ब्लॉकवरून ब्रॅकेट दिलाय, आणि दर शर्यतीनंतर मी आरसा नि टॉर्च घेऊन प्रत्येक कूस तपासते. तडा नाही. अजून नाही.

पावर किती वाढली, ह्या प्रश्नाला मी आकडा देणार नाही. कंपनीचा आकडा मिनिटाला 6000 फेऱ्यांना 80 बीएचपी. आधी आणि नंतर एकाच डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर), एकाच हवेत मोजलेलं माझ्याकडे नाही, आणि त्याशिवाय सांगितलेला आकडा ही थाप असते. 6500 फेऱ्यांना क्रँकची एक फेरी सुमारे 9 मिलिसेकंदांत होते, तेवढ्यात हवेतली लाट तीन मीटरच्या आसपास धावते आणि रनरमध्ये ये-जा करत राहते. लांबी जुळली की व्हॉल्व्ह मिटता मिटता जास्तीची हवा आत लोटली जाते. आखूड रनरने हे जुळणं मी वरच्या फेऱ्यांना नेलं. तिथे गाडी मोकळी झाली, हे मैदानात कळतं. खाली मात्र गेलं. हळू वळणातून बाहेर पडताना आता एक गिअर खाली टाकावा लागतो, आणि चिखलात ते महाग पडतं. पुन्हा केला तर रनर थोडे लांब करीन.

आणि पुन्हा होणार आहे. आबांनी कोअर बॉक्स नव्याने केलाय: प्रिंट लांब, मधल्या दोन कोअरना टेकूची जागा, रनरची लांबी माझ्या नव्या मापाने. फाउंड्रीवाल्यांशी ह्या वेळी मी बोलले, ते दिवाळीनंतर बघू म्हणालेत. ओतून आला की भिंत मोजीन आणि ड्रॉइंगबाहेर असली तर पुन्हा नाही म्हणेन, हे मी आबांना आधीच सांगितलंय. ते म्हणाले, "मोज. पण ह्या वेळी कापायच्या आधी मला दोन दिवस दे." दिले आहेत. मापात निघाला तर गाडीवर त्यांचा बसेल की माझा, हे आम्ही अजून बोललेलो नाही.