नंबर, हुद्दा, नाव, पलटण

आमच्या मोटरसायकलस्वारांच्या मंडळाचा ध्वजदिनाचा मेळावा दरवर्षी ७ डिसेंबरच्या अलीकडच्या किंवा पलीकडच्या रविवारी भरतो आणि त्याचे इतिवृत्त लिहिण्याचे काम कार्यवाह या नात्याने माझ्याकडे आहे. किती गाड्या निघाल्या, किती निधी जमला, प्रमुख पाहुणे कोण होते आणि आभार कोणी मानले, एवढे लिहिले की इतिवृत्त पूर्ण होते आणि पुढच्या सभेत ते एकमताने कायमही होते. मात्र या मेळाव्यातले जे मला दरवर्षी हलवून सोडते, त्याला त्या वहीत रकाना नाही. म्हणून हा लेख.

आधी निधीविषयी, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. १९४९ पासून ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. लाल, गडद निळा आणि फिकट निळा अशा तीन रंगांचा छोटा ध्वज, हल्ली बहुधा स्टिकर, लोकांना द्यायचा आणि त्यांनी खुशीने जे दिले ते घ्यायचे, अशी ही पद्धत आहे. जिल्ह्याला इष्टांक ठरवून दिलेला असतो आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय वर्षभर तो पुरा करण्याच्या मागे असते. युद्धात कामी आलेल्यांची कुटुंबे, सेवेतले जवान आणि त्यांच्या घरची माणसे, तसेच माजी सैनिक यांच्या कल्याणासाठी हा पैसा जातो. आमचे सभासद नोव्हेंबरभर आपापल्या सोसायटीत, कारखान्यात आणि बँकेत डबे घेऊन फिरतात, मेळाव्याच्या आदल्या दिवशी हिशेब मिळवतात आणि पै न् पै कार्यालयात भरून पावती घेतात. पेट्रोल ज्याचे त्याने भरायचे, जेवणाची वर्गणी वेगळी, टी-शर्ट छापायचे नाहीत आणि देणगीदाराचे किंवा मदतनिसाचे नाव कोठेही छापायचे नाही, हे मंडळाचे नियम आहेत. या शेवटच्या नियमामुळे मलाही येथे कोणाचे नाव घेता येत नाही, याची खंत आहे. २०१९ मध्ये जावा कंपनीने आपल्या १३ मोटरसायकलींचा लिलाव करून सुमारे १ कोटी ४३ लाख रुपये सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणासाठी दिले, ही बातमी आमच्याकडे कोणीतरी दरवर्षी वाचून दाखवतो आणि आमचे खजिनदारकाका, जे जन्मभर बँकेत रोखपाल होते, दरवर्षी तेच उत्तर देतात, की त्यांच्या रकमेत शून्ये जास्त असतील, पण आमच्याकडे चिल्लर जास्त आहे आणि ती मोजायला माणूस लागतो.

प्रवासाचे वर्णन लांबवत नाही. पुण्याबाहेर खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडल्यावर सगळे एकत्र येतात, पुढे वाट दाखवणारा लीड आणि मागे कोणी राहू नये हे पाहणारा स्वीप ठरतो, खंबाटकीचा घाट एकेरी रांगेत चढला जातो, भुईंजला कृष्णेचा पूल लागला की चहाचे वेध लागतात. सांगण्यासारखे आहे ते निघण्यापूर्वीचे. सिग्नल्समधून, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन विभागातून, निवृत्त झालेले एक हवालदार आजोबा, जे ऐन उमेदीत डिस्पॅच रायडर, म्हणजे मोटरसायकलवरून निरोप पोहोचवणारे जवान होते, पहाटे स्वेटर-कानटोपी घालून येतात आणि उभ्या गाड्यांच्या रांगेतून हळूहळू चालत जातात. प्रत्येक गाडी सुरू करायला सांगायची, मान जरा तिरपी करून ऐकायचे आणि ‘टॅपेट वाजतंय’, ‘चेन ढिली आहे’ किंवा नुसते ‘हं’ म्हणून पुढे सरकायचे. नव्या, महागड्या गाड्यांना ते बहुधा ‘हं’ म्हणतात, पण त्यात कौतुक नसते. प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात चालत्या मोटरसायकलींवर मनोरे रचणारे डेअर डेव्हिल्स हे सिग्नल्सचेच पथक, त्यामुळे ‘आमच्या कोअरमध्ये असली गाडी गेटाबाहेर सोडली नसती’ असे म्हणण्याचा त्यांना अधिकार आहे आणि तो ते बजावतात.

सातारा मागे टाकून नागठाण्याच्या आसपास डावे-उजवे वळलो की पहिला थांबा अपशिंगे मिलिटरीचा. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. घरटी एक तरी माणूस फौजेत, अशी या गावाची ख्याती आहे आणि गावाच्या नावातच मिलिटरी आहे. तेथे हार घातला जातो, दोन मिनिटे उभे राहिले जाते आणि कोणी भाषण करत नाही, हे फार बरे आहे.

मग मेळावा. तो जवळच्याच एका गावी देवळाच्या सभामंडपात होतो. देऊळ म्हटल्यावर पादत्राणे बाहेर आली, आणि मोटरसायकलस्वारांचे बूट काढणे हा स्वतंत्र कार्यक्रमच असतो, कारण घोट्याच्या वरपर्यंत बंद, बकला आणि वेल्क्रो असलेली ती प्रकरणे सोडवता सोडवता दीपप्रज्वलन उरकून जाते. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, अहवाल हे सगळे जसे सगळीकडे असते तसेच आमच्याकडे असते. पाहुण्यांचे भाषणही तसेच असते. जवान सीमेवर जागतो म्हणून आपण घरी निवांत झोपतो, हे वाक्य त्यात आले नाही असे एकही वर्ष मला आठवत नाही. पहाटेपासून उठून आलेले पुढच्या रांगेतले दोन-तीन माजी जवान नेमके त्याच वेळी डुलक्या घेत असतात आणि मला त्यांचा मुळीच राग येत नाही.

आता मी ज्यासाठी जाते ते सांगते. ओळखीचा कार्यक्रम कोणी योजून सुरू केलेला नाही. सुरुवातीच्या एका वर्षी पाहुण्यांची गाडी अडकल्याचा निरोप आला आणि वेळ काढण्यासाठी सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींनी समोरच्या माजी सैनिकांना आपापली ओळख करून द्यायला सांगितले. पहिले आजोबा उठले. काठी त्यांनी शेजाऱ्याच्या हातात दिली, अनवाणी टाचा जुळवल्या आणि नाव सांगण्याआधी फौजेतला नंबर सांगितला, मग हुद्दा, मग नाव, मग पलटण. ते बसण्याच्या आत दुसरे उठले. मराठा लाइट इन्फंट्री, महार, बॉम्बे सॅपर्स, सिग्नल्स, गाड्या-यंत्रे दुरुस्त करणारी ईएमई अशी ती रांग उठत आणि बसत गेली. कोणी पराक्रम सांगितला नाही, कोणी पदक सांगितले नाही. सत्तरीतल्या, ऐंशीतल्या माणसांचे आवाज कापरे होते, पण नंबर सांगताना एकही अडखळला नाही.

त्यांच्या मागे बायका बसल्या होत्या. गुरुजी म्हणाले, ‘आता वहिनींनी नावं सांगावीत.’ पहिल्या बाई पदर सारखा करून उभ्या राहिल्या आणि त्यांनी नवऱ्याचा नंबर सांगितला, एकेक अंक तोडून, इंग्रजीतून. मग त्यांचा हुद्दा, त्यांचे नाव, त्यांची पलटण, आणि शेवटी ‘मी त्यांची पत्नी’ एवढेच म्हणून त्या बसू लागल्या. गुरुजींनी ‘वहिनी, तुमचं नाव?’ असे विचारल्यावर त्या ओशाळून हसल्या आणि मग सांगितले. त्यांच्यामागून प्रत्येकीने तसेच केले. निवृत्तिवेतनाचा कागद असो, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, म्हणजे ईसीएचएसचे कार्ड असो, कॅन्टीनचे कार्ड असो की मुलांच्या वसतिगृहाचा अर्ज असो, जेथे तेथे आधी तो नंबर विचारतात. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईलाही तो स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा पक्का ठाऊक असतो. नवरा जाऊन वीस वर्षे झाली असतील, पण त्याचा नंबर तिच्या तोंडी रोजच्या वापरातला आहे.

एके वर्षी आमच्या कार्यकारिणीने वेळ वाचवण्यासाठी शहाणपणा केला आणि यादी छापून गुरुजींनी ती वाचावी, असे ठरवले. मी विरोध केला होता, पण बहुमत नव्हते. चारपाच नावे झाली असतील, तोच मागून आवाज आला, ‘गुरुजी, शेवटून तिसरा आकडा सात न्हाई, एक हाय.’ गुरुजींनी चष्मा वर करून कागद जवळ धरला. बाई म्हणाल्या, ‘लिवून घ्या नीट. त्या एका आकड्यापायी माझं पेन्शन आठ म्हैनं अडकलं होतं.’ कोणत्या कार्यालयात, ते मी लिहीत नाही. खजिनदारकाकांनी खिशातले पेन काढून यादी तेथल्या तेथे दुरुस्त केली, आणि बाईंनी ती स्वतः तपासून मगच परत दिली. यादी वाचण्याचा विषय त्यानंतर कोणी काढलेला नाही.

पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले आणि त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ मध्ये चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीतून स्वतः लष्करात अधिकारी झाल्या, हे उदाहरण आमच्याकडे प्रत्येक वक्ता देतो, आणि सातारा जिल्ह्यात ते दिलेच पाहिजे. पण मागच्या रांगेतल्या बायकांना आपले म्हणून जे सांगायचे असते ते याहून पुष्कळ लहान असते. नंबर सांगून झाल्यावर अलीकडे त्या एखादे वाक्य पुढे जोडतात. मुलीला सैनिकी मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली, सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, हयातीचा दाखला यंदा नोव्हेंबरातच गेला. या वाक्यांना ज्या टाळ्या पडतात त्या पाहुण्यांच्या भाषणाला कधी पडलेल्या नाहीत.

एका वर्षीची ओळख मात्र आमच्यासाठी, म्हणजे गाड्या चालवणाऱ्यांसाठी, ठरली. खडकीला पाठीच्या कण्याला दुखापत झालेल्या जवानांसाठी १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. तेथले एक नाईक साहेब त्यांच्या व्हीलचेअरसह आमच्या सोबतच्या मोटारीतून आले होते. सभामंडपाच्या चार पायऱ्या त्यांना खुर्चीसकट उचलून चढवले. नंबर, हुद्दा, नाव, पलटण सांगून झाल्यावर ते म्हणाले, ‘सगळे मला विचारतात, गोळी कुठं लागली. मला गोळी लागलेली नाही. सुट्टीवर आलो होतो, भावाची मोटरसायकल घेऊन तालुक्याला निघालो होतो. हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं.’ एवढे बोलून त्यांनी समोर जमिनीवर ठेवलेल्या आमच्या हेल्मेटांकडे पाहिले आणि एका पोराला त्याचे हेल्मेट आणायला सांगितले. त्याचे बक्कल तुटलेले होते. त्याने नुसती पट्टी गाठ मारून बांधली होती. नाईक साहेबांनी ती गाठ सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि काही न बोलता हेल्मेट त्याला परत दिले. परतीच्या वाटेवर साताऱ्यातले हेल्मेटचे एक दुकान रविवार असून आम्हाला उघडायला लावावे लागले.

आता तक्रार. २०२२ ते २०२४ या वर्षांत गोव्यात वागातोरला इंडिया बाइक वीक हा मोटरसायकलस्वारांचा महोत्सव डिसेंबरच्या सुरुवातीसच भरला आणि आमची हजेरी त्यानंतर जी उतरली ती उतरलीच. तरुणांनी गोव्याला जाऊ नये असे मी कोण म्हणणार? पण आमच्याच मंडळाचे सभासद, आमच्याच मंडळाचे स्टिकर गाडीवर लावून, नागठाण्याच्या फाट्यावरून हॉर्न वाजवत दक्षिणेकडे निघून जातात आणि रात्री आमच्या मेळाव्याच्या छायाचित्राखाली अभिमान वाटत असल्याचे कळवतात, याला काय म्हणावे? दुसरी जात आहे ती छायाचित्रापुरती येणाऱ्यांची. अपशिंग्याला हार घालताना हे पुढे असतात आणि ओळख सुरू होईपर्यंत महामार्गावरच्या ढाब्यावर पोहोचलेले असतात. ओळख जेवणानंतर ठेवल्यामुळे असे होते, हे मी कार्यकारिणीच्या प्रत्येक सभेत सांगत आले आहे.

२०२० मध्ये मेळावा होणार नव्हता. निधी खात्यातून परस्पर भरला गेला आणि ओळख राहिली. तेव्हा गुरुजींनी सगळ्यांना व्हॉट्सॲपवर आवाज पाठवायला सांगितले. नातवंडांनी मोबाइल धरले. कोणाच्या मागे म्हैस, कोणाच्या मागे बातम्या, एका वहिनींच्या मागे कुकरच्या शिट्ट्या, आणि त्यांनी शिट्टी थांबेपर्यंत थांबून नंबर पुन्हा पहिल्यापासून सांगितला. सिग्नल्सच्या आजोबांनी नंबराआधी ‘हॅलो, टेस्टिंग’ म्हटले होते.

मदतनिसांची नावे नाहीत, पण माणसे तरी राहू नयेत. स्वतःची टूलकिट, क्लचच्या वायरी आणि ट्यूब घेऊन सर्वांत मागे येणारे आणि म्हणून चहा नेहमी गार पिणारे मेकॅनिकभाऊ, पावतीपुस्तके मोफत छापून देणारे मुद्रक, माइकचे भाडे न घेणारे आणि तरी शिट्टी वाजल्याबद्दल सगळ्यांची बोलणी खाणारे मंडपवाले, आपली सुट्टी मोडून प्रथमोपचाराची गाडी आणणाऱ्या डॉक्टरताई, पहाटे चार वाजता पिठले-भाकरीच्या तयारीला लागणाऱ्या बचत गटाच्या भगिनी, घाटात वाहतूक सांभाळणारे महामार्ग पोलीस, बुटांच्या ढिगाला हरकत न घेणारे पुजारीबुवा, गाड्या ओळीत लावून घेणारी आणि प्रत्येक गाडीचा ॲव्हरेज विचारणारी गावातली मुले, ज्यांच्या टेम्पोत एकदा आमच्या दोन बंद पडलेल्या गाड्या पुण्याला आल्या ते उसाच्या मळ्याचे मालक, आणि गुरुजी. साताऱ्यातले ते हेल्मेटचे दुकानदारही यात धरावेत. खडकीहून नाईक साहेबांना ज्यांनी मोटारीतून आणले त्यांचा उल्लेख त्या वर्षीच्या अहवालात राहून गेला होता, तो येथे करते. आणखी कोणी राहिले असेल तर त्यांनी मला फोन करावा, नाही तर खजिनदारकाका करतीलच.

यंदाच्या सभेत माझा ठराव अखेर संमत झाला. ओळख साडेदहाला, जेवणाच्या आधी, आणि पाहुण्यांचे भाषण जेवणानंतर. गोव्याला जाणाऱ्यांनीही साडेबारापर्यंत थांबून, भाकरी खाऊन पुढे जावे. रस्ता तोच आहे आणि कोल्हापूर तोवर कोठे पळून जात नाही.