खराबी काय होती त्या गाडीत?

काहीच नव्हती. खरं तर इथेच थांबायला हवं, पण विचारणाऱ्यांचं तेवढ्यावर समाधान होत नाही. तुम्हाला ऐकायचं असतं की गिअरबॉक्स बसला, किंवा गाडी ठोकलेली निघाली, किंवा हप्ते झेपेनात. त्यातलं काहीही झालं नाही. चौदा महिने ती माझ्याकडे होती आणि एकदाही तिने मला रस्त्यात उभं केलं नाही. मग ती विकून वीस वर्षं जुनी, पाव ताकदीची, छपरातून गळणारी गाडी का घेतली? घरचे हाच प्रश्न "डोकं फिरलंय का?" असा विचारतात. तुम्ही जरा सभ्यपणे विचारता, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. पुढच्या वेळी तोंड उघडण्याऐवजी हे पुढे करीन.

दोन्ही गाड्यांची नावं सांगणार नाही. नाव घेतलं की त्या कंपनीचे भक्त आणि वैरी जमतात आणि मूळ गोष्ट बाजूला राहते. ज्यांना ओळखायच्या आहेत त्यांनी ओळखल्याच असतील.

सुरुवातीला मी एका शब्दात वाटेला लावायचो: कॅरेक्टर नव्हतं. हा शब्द मराठीत वापरणं म्हणजे पंचाईत. माणसाला कॅरेक्टर नाही म्हटलं तर त्याची अब्रू जाते, आणि "ते एक कॅरेक्टर आहे" म्हटलं तर तो विक्षिप्त ठरतो. गाड्यांबद्दल बोलणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा हा दुसराच अर्थ असतो. थंडीत रुसणारी, दुसरा गिअर टाकताना कुरकुरणारी गाडी म्हणजे कॅरेक्टरवाली. मी त्यापेक्षा स्वभाव म्हणतो. स्वभाव चांगलाही असू शकतो.

अडचण अशी की पूर्वी हे उत्तर मला कुणी दिलं असतं तर मी त्याला सोलून काढलं असतं. २०११ साली मॅक्लारेनची एमपी४-१२सी आली तेव्हा मी तिच्या बाजूने हिरिरीने भांडायचो. कार्बन फायबरचा टब, म्हणजे गाडीचा मधला सांगाडा, वजन अवघं ७५ किलो. ३.८ लिटरचं ट्विन टर्बो व्ही८ इंजिन, ताकद ६०० पीएस, म्हणजे जवळपास तेवढेच हॉर्सपॉवर. गाडी झुकू नये म्हणून लावतात ते अँटी-रोल बार काढून टाकलेले आणि चारही शॉक अ‍ॅब्सॉर्बर तेलाच्या दाबाने एकमेकांना जोडलेले, त्यामुळे वळणावर गाडी झुकत नाही आणि खड्ड्यात कंबरही मोडत नाही. समोर फेरारीची ४५८ इटालिया: टर्बो नाही, ४.५ लिटर, मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत (आरपीएम) किंचाळत जाणारी. दोन्ही चालवून आलेले कितीतरी जण म्हणत होते की मॅक्लारेन अचाट आहे, पण जीव जडला तो ४५८ वर. मला याचा संताप यायचा. स्वभाव म्हणजे दोषांना दिलेलं लाडाचं नाव, इंजिनियरांनी दोष काढून टाकले की या लोकांना करमत नाही, असं मी जोरजोरात सांगायचो.

कंपनीने काय केलं ते मात्र सोयीस्करपणे गाळायचो. २०१२ मध्ये त्यांनी ताकद ६२५ पीएसवर नेली, जुन्या मालकांनाही ती फुकट देऊ केली, आणि इंजिनाचा आवाज केबिनमध्ये किती यावा हे ठरवायची सोय दिली. गाडी बनवणाऱ्यांनाच कुठेतरी पटलं होतं, आणि मी परका माणूस त्यांच्या वतीने भांडत बसलो होतो.

याच्या उलटही घडलंय. होंडाची पहिली एनएसएक्स १९९० ची. बॉडी सगळी अ‍ॅल्युमिनियमची, तीन लिटरचं व्ही६ इंजिन ८,००० आरपीएमपर्यंत फिरणारं, आणि गाडी तयार होत असताना खुद्द फॉर्म्युला वनचा विश्वविजेता आयर्टन सेना याने सुझुकाच्या ट्रॅकवर ती चालवून आपलं मत दिलेलं. तिच्यावर तेव्हा आरोप काय? फारच सोपी आहे, रोज ऑफिसला नेता येते, फेरारीत बसल्यावर होते तशी छातीत धडधड होत नाही. आज त्याच गाडीवर लोक जीव ओवाळून टाकतात, आणि तिच्याशी तुलना करून २०१६ च्या नव्या एनएसएक्सला थंड म्हणतात, कारण नवीत तीन इलेक्ट्रिक मोटर आणि नऊ गिअर. जुनी गाडी होती तशीच आहे, तिच्या आसपासच्या बदलल्या. मग तो स्वभाव गाडीत होता की आमच्या कानात?

असो. प्रश्न माझ्या गाडीचा आहे.

ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवायच्या दिवशी, मी मुलाला घेऊन गेलो होतो. नुकताच अठरा पूर्ण झाला होता. सकाळी पाऊस पडून गेलेला, दुपारपर्यंत ट्रॅक बराचसा सुकला होता, सावलीतले पट्टे सोडून. तिसऱ्या सेशनला तो माझ्या शेजारी बसला. लांब सरळ पट्टा संपला की एक उजवं वळण होतं आणि त्याच्या मध्यावर ओल राहिली होती. मी अ‍ॅक्सिलरेटर जरा लवकर दाबला. मागची बाजू सुटली. पोटात गोळा आला, हात आपोआप डावीकडे गेले, गाडी एकदा हेलकावली आणि सरळ झाली. दोन सेकंदांचा खेळ.

"बाबा, कसली सावरलीस!" मुलगा हेल्मेटमधून ओरडला.

पोराने माझ्याकडे त्या नजरेने याआधी कधी पाहिलं होतं ते आठवावं लागलं असतं. बहुधा सायकल शिकवली तेव्हा. पुढचे दोन लॅप मी सावकाश मारले, कारण पाय थरथरत होते आणि तोंडावरचं हसू आवरत नव्हतं. सतरा वेळा तरी ते वळण मी मनात पुन्हा घेतलं.

पिटमध्ये आलो. इन्स्ट्रक्टरनी लॅपटॉप लावलाच होता. साठीचे, मोजकं बोलणारे गृहस्थ. मीच त्यांना म्हणालो, "सर, ते सातवं वळण दाखवा ना." मीच. कुणी मागितलेलं नव्हतं. ही गोष्ट मला अजून छळते.

पडद्यावर रेघा होत्या. वर स्टीअरिंगची, खाली अ‍ॅक्सिलरेटरची, त्याखाली चार चाकांच्या ब्रेकच्या दाबाच्या चार. त्यांनी पेन्सिलीचं टोक ठेवलं. मागची बाजू सुटली ती इथे. पुढच्या डाव्या चाकाला गाडीने आपणहून ब्रेक लावला तो इथे, लागलीच. इंजिनाची ताकद कापली गेली ती इथे. तुमचा पाय अजून खालीच आहे बघा. आणि माझे हात? त्यांनी पेन्सिल जराशी उजवीकडे सरकवली. माझे हात हलले तेव्हा गाडी जवळजवळ सावरलेली होती. मी उशिरा आणि गरजेपेक्षा जास्त स्टीअरिंग फिरवल्यामुळे ती उलट डावीकडे निघाली, आणि तेही तिनेच दुसऱ्या बाजूचा ब्रेक लावून निस्तरलं. मघाशी हेलकावली म्हणालो ना, तेवढं काम माझं होतं.

"गाडी चांगली आहे," सर म्हणाले. टोमणा नव्हता त्यात, आणि म्हणूनच जास्त लागलं.

मुलगा मागेच उभा होता. असल्या रेघा त्याला माझ्यापेक्षा बऱ्या वाचता येतात. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "पाणी आणू का तुला?" परतताना मी वाट बघत होतो की घरी पोचल्यावर तो आईला सगळं रंगवून सांगेल. आईने विचारलं, तर म्हणाला, "मजा आली." बस. ते वळण त्याने आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. चिडवलं असतं तर बरं झालं असतं. त्याने मला सांभाळून घेतलं, जसं गाडीने घेतलं होतं.

आता तुम्ही म्हणणार, म्हणजे गाडीने बाप-लेकाला वाचवलं आणि तुझा अहंकार दुखावला म्हणून तिला हाकललीस? हो, तेही आहे. नाकारत नाही. पण चौदा महिने मी जे "चालवत" होतो त्यातलं माझं किती होतं, हे विचारायचा मला हक्क आहे की नाही? त्या दिवशी एका वळणाचा हिशेब कळला. बाकीच्या वळणांना लॅपटॉप लावलेला नव्हता.

"मग गाडी सावरणाऱ्या त्या सिस्टिम बंद करायच्या," असं सांगणारा एक तरी भेटतोच. केल्या. महिनाभराने, त्याच ट्रॅकवर, कोरड्या दिवशी, एकट्याने. टायर इतके रुंद आणि पकड इतकी जबर की माझी हिंमत संपते तिथे तिची करामत सुरूही होत नाही. ती काही सांगायला लागते ते अशा वेगात, जिथे ऐकून घ्यायला उसंत नसते. आणि घाटात, रोजच्या रस्त्यावर, कायद्यातल्या वेगात? मुकी. मी पन्नासने वळण घेतलं काय आणि सत्तरने काय, तिच्या लेखी दोन्ही सारखंच.

स्टीअरिंगही मुकं. पूर्वी पॉवर स्टीअरिंगला तेलाच्या दाबाची मदत असायची. पंप इंजिनावर सतत फिरत राहायचा, पेट्रोल खायचा, पण चाकाखालची खडी थोडीफार तळहातापर्यंत पोचायची. इलेक्ट्रिक मोटर लागेल तेव्हाच काम करते, इंधन वाचतं, गाडी लावताना एका बोटाने चाक फिरतं. मात्र मोटरचं जडत्व आणि घर्षण मध्ये येतं, आणि हाताला किती जोर जाणवू द्यायचा हे कुणीतरी सॉफ्टवेअरमध्ये आधीच ठरवून ठेवलेलं असतं. हे मी असं सांगतो की वाटावं सगळा दोष विजेचा. तसंही नाही. पोर्शे ९११ च्या २०११ च्या पिढीत इलेक्ट्रिक स्टीअरिंग आलं तेव्हा जुने चाहते हळहळले होते, पण कंपनी ते सुधारत गेली आणि ओरड बरीच कमी झाली. गिअरचं मात्र उलट झालं. २०१३ च्या ९११ जीटी३ मधून मॅन्युअल गिअरबॉक्स काढून टाकला, कारण पीडीके हा त्यांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्याच्याहून वेगवान. २०१६ ला फक्त मॅन्युअल असलेली ९११ आर काढली, मोजून ९९१ गाड्या, आणि २०१७ ला जीटी३ मध्ये मॅन्युअल परत आला. लोकांनी हळू गिअरबॉक्स मागून घेतला. मी एकटाच वेडा नाही, एवढं तरी यातून निघावं.

टोयोटाने तर २०१२ च्या '८६' नावाच्या स्पोर्ट्स कारला मुद्दाम साधे टायर दिले, इंधन वाचवणाऱ्या त्यांच्या प्रियसला मिळतात त्या जातीचे. २०० पीएस, ताकद मागच्या चाकांना, आणि गाडी सरकायला लागते ती माणसाच्या आवाक्यातल्या वेगात. पकड कमी करून मजा वाढवायची, हा निर्णय इंजिनियरांनी शुद्धीत घेतलाय. हे उदाहरण मी दर वेळी देतो आणि दर वेळी कुणीतरी निसानची जीटी-आर माझ्या डोक्यात घालतो. २००७ ची आर३५, तीही कॉम्प्युटरने ठासून भरलेली. तिला प्लेस्टेशन म्हणून हिणवलं गेलं, आणि डॅशबोर्डवरचे पडदे खरंच ग्रान टुरिस्मो हा गेम बनवणाऱ्यांनी रचलेले होते. तरी तिच्याइतका रांगडा, हट्टी स्वभाव फार थोड्या गाड्यांना असेल. म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आलं की स्वभाव गेला, हा माझा सिद्धांत तिथे आपटतो. त्याला उत्तर माझ्याकडे नाही. माझ्या गाडीत काय कमी होतं ते मला सांगता येतं, जीटी-आरमध्ये ते कुठून आलं ते सांगता येत नाही.

आता आहे त्या गाडीत एबीएससुद्धा नाही, म्हणजे जोरात ब्रेक दाबला की चाकं जाम होऊ न देणारी सोयही नाही. पहिल्याच पावसाळ्यात एका वळणावर ती माझ्या हातून गोल फिरली. समोरून कुणी येत नव्हतं म्हणून हे लिहायला बसलोय. मागचं चाक दुभाजकाला लागलं, रिम वाकली. चूक पूर्ण माझी: झिजलेले टायर, ओला रस्ता, आणि हात पुन्हा उशिरा. घरी आल्यावर मुलाने वाकून रिम पाहिली आणि म्हणाला, "ती असती तर सावरली असती."

सावरलीच असती. आणि मला कळलंही नसतं.

तेव्हापासून माझे हात वेळेवर जातात, असं मला वाटतं. रेघा काढून पाहिलेल्या नाहीत. पाहणारही नाही.

आता मुलाला स्वतःची गाडी घ्यायची आहे. इतकी वर्षं माझं ऐकून त्याने जुनी, हलकी, कसलीच सिस्टिम नसलेली एक हेरून ठेवली होती, फोटो दाखवायला आला. मी म्हटलं, खुळ्यासारखं करू नकोस. चाकं घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल, एबीएस, एअरबॅग, जे जे मिळतं ते सगळं असलेली घे. तो माझ्याकडे बघत राहिला. मग तुम्ही विचारता तेच त्यानेही विचारलं: त्या गाडीत हे सगळं होतं, मग विकलीस का?

मी म्हटलं, "आधी टायर बघून घे."