नामवंत छायाचित्रकाराची कार्यशाळा: पैसे भरण्याआधीचा माझा अनुभव

एखाद्या नामवंत छायाचित्रकाराच्या कार्यशाळेला जावे की नाही, हे ठरवायला फारसा वेळ लागत नाही; वेळ जातो तो ठरवण्यासाठी लागणारी माहिती आयोजकांकडून काढून घेण्यात. ज्यांचे काम मी वर्षानुवर्षे पाहत आले होते, त्यांची कार्यशाळा जाहीर झाली, तेव्हा शुल्क परवडेल का, रजा मिळेल का आणि माझा कॅमेरा पुरेसा आहे का, हे प्रश्न एका बैठकीत सुटले. (कॅमेऱ्याची काळजी सगळ्यांनाच वाटते आणि बहुधा ती व्यर्थ असते.) घोडे अडले ते एकाच ठिकाणी: हे गृहस्थ माझी छायाचित्रे पाहणार आहेत का आणि पाहणार असतील तर किती वेळ?

ॲपर्चर, शटरचा वेग, प्रकाशयोजना हे सारे आता कुठेही शिकता येते आणि नामवंतांची व्याख्याने घरबसल्या ऐकता येतात. आपण काढलेल्या पन्नास छायाचित्रांपैकी कोणती बारा ठेवावीत आणि उरलेली का काढून टाकावीत, हे मात्र आपले आपल्याला दिसत नाही. त्यासाठी जाणत्या माणसाची नजर लागते. छायाचित्रकार लिझेट मॉडेल यांच्याकडे पुढे स्वतःही नामवंत छायाचित्रकार झालेल्या डायान आर्बस १९५० च्या दशकात शिकल्या, त्या वेळी मॉडेल यांनी त्यांना स्वतःच्या शैलीची नक्कल करायला लावली नाही, हे दोघींची छायाचित्रे शेजारी ठेवली की कळते. प्रसिद्ध छायाचित्रकार रिचर्ड ॲव्हेडॉन ज्यांच्या वर्गात शिकले, ते अलेक्सी ब्रोडोविच तर छायाचित्रकारापेक्षा मासिकाचे कलादिग्दर्शक म्हणूनच अधिक ओळखले जात. तेव्हा नाव मोठे असणे आणि शिकवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे धरूनच मी चौकशीला लागले.

माहितीपत्रकात पुरस्कारांच्या यादीने पाऊण पान व्यापले होते, तर वेळापत्रकाला जेमतेम चार ओळी मिळाल्या होत्या. त्यांपैकी एक ओळ माझ्या कामाची होती: ‘दुसरा दिवस, दुपारी अडीच ते पाच, सहभागींच्या छायाचित्रांवर चर्चा.’ अडीच तास म्हणजे दीडशे मिनिटे. दहा जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा मिनिटे येतात आणि तीस असतील तर पाच. पाच मिनिटांत वीस छायाचित्रे दाखवायची म्हटली तर एकेका चित्राला पंधरा सेकंद मिळतात. म्हणून एकूण किती जणांना प्रवेश देणार आहात, एवढाच प्रश्न मी लिहून पाठवला. ‘जागा मर्यादित आहेत, कृपया लवकर नोंदणी करावी,’ असे उत्तर आले. ‘मर्यादा किती आहे?’ असे विचारल्यावर तेच माहितीपत्रक पुन्हा जोडून आले. मग फोन केला.

“सर सगळ्यांना भरपूर वेळ देतात, मॅडम.”

“भरपूर म्हणजे साधारण किती?”

“तसं मिनिटांत नाही सांगता येणार. पण जागा भरत आल्यात.”

बोलणारा मुलगा अतिशय नम्र होता, त्यामुळे रागही धड काढता येईना. दरम्यान, सवलतीच्या शुल्काची मुदत संपत असल्याचे संदेश नेमाने येत होते. जे विचारले त्याचे उत्तर नाही आणि जे विचारले नाही त्याची आठवण मात्र रोज, असा तो प्रकार होता. नोंदणीच्या अर्जात ‘मला सर्व अटी मान्य आहेत’ या ओळीपुढे खूण केल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते, आणि अटी वाचाव्यात म्हणून त्या ओळीवर टिचकी मारली तर पुन्हा तेच पुरस्कारांचे पान उघडत होते. शुल्क आगाऊ आणि पूर्ण भरायचे होते. छायाचित्रकारच ऐनवेळी आले नाहीत तर पैसे परत मिळणार की त्यांच्या जागी दुसरे कोणी येणार, याचा कुठेही उल्लेख नव्हता. ही अट लेखी मिळाल्याशिवाय कोणीही पैसे भरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर अखेर दुसऱ्याच वाटेने मिळाले. आधीच्या वर्षीच्या सहभागींनी प्रसिद्ध केलेली छायाचित्रे मी शोधून पाहिली. तीच मॉडेल, तीच खिडकी आणि डावीकडून येणारा तोच मऊ प्रकाश. फरक होता तो फक्त हनुवटी किती वळली आहे याचा. म्हणजे दृश्य आधीच मांडून ठेवलेले होते आणि सगळ्यांनी रांगेने ते टिपले होते. अशी छायाचित्रे दिसायला सुरेख असतात, पण ती स्वतःच्या पोर्टफोलिओत, म्हणजे निवडक कामाच्या संचात, ठेवण्यात काही अर्थ नसतो. त्यांच्यापैकी एका बाईंना मी विचारले, तर त्यांनी तपशीलवार लिहिले: तीसच्या आसपास माणसे होती, प्रत्येकाची तीन छायाचित्रे पडद्यावर दाखवली गेली, आणि उरलेला वेळ सरांसोबत फोटो काढून घेण्यात गेला.

त्यानंतर मी आयोजकांना तीन प्रश्न क्रमांक घालून पाठवले आणि उत्तरे मिळतील त्याच दिवशी पैसे भरीन, असे कळवले. त्या दिवशी संध्याकाळीच वरिष्ठांचा फोन आला! (पैशाचा उल्लेख पहिल्याच पत्रात करावा, ही माझी सर्वांना शिफारस.) त्यांनी सांगितले, कार्यशाळेला अठ्ठावीस जण असणार होते. मात्र आदल्या दिवशी छायाचित्रकार काही जणांचा पोर्टफोलिओ समोरासमोर, प्रत्येकी अर्धा तास पाहणार होते. त्याचे शुल्क निम्म्याहून कमी होते आणि माहितीपत्रकात त्याचा उल्लेखही नव्हता. मी कार्यशाळा सोडली आणि तो अर्धा तास घेतला.

तो वसूल झाला. त्यांनी माझे प्रिंट टेबलावर पसरले, बराच वेळ काही न बोलता पाहिले, मग दोन प्रिंट उलटे करून बाजूला ठेवले आणि उरलेल्यांचा क्रम बदलला. बाजूला ठेवलेल्यांत सर्वांकडून वाहवा मिळवलेले माझे एक छायाचित्र होते. ‘यात सगळे आधीच सांगून टाकले आहे,’ एवढेच ते म्हणाले.

मात्र जिथे कामावरून निवड होते, तिथली गोष्ट वेगळी आहे. अमेरिकी वृत्तछायाचित्रकार एडी ॲडम्स यांच्या नावाने १९८८ पासून चालत आलेल्या कार्यशाळेत पोर्टफोलिओ पाहून शंभर जणांना घेतले जाते आणि शिकवणीचे शुल्क आकारले जात नाही. अशा ठिकाणी माझे मिनिटांचे गणित लावत बसू नये, सरळ अर्ज करावा. नुसते शुल्क भरून जिथे प्रवेश मिळतो, तिथे मात्र ते आधी मांडावे. एक सांगायचे राहिले: प्रिंट सुटे न्यावेत, अल्बममध्ये चिकटवून नेऊ नयेत, कारण पाहणाऱ्याला क्रम बदलता आला नाही तर त्या अर्ध्या तासाचा निम्मा उपयोग वाया जातो.