तिसऱ्या टोकावरचा उंचवटा

हस्तकलेच्या बाईंच्या कपाटात एक पत्र्याचा डबा असायचा. वर्षभर कुलपात, आणि सणाची सुट्टी आठवड्यावर आली की बाहेर. आत 6 मिलिमीटर प्लायवूडचे आकार: चांदणी, चंद्र, पान. एका बाजूला फळ्याचा काळा रंग, दुसऱ्या बाजूला ताणून बसवलेलं फेल्ट, म्हणजे तंतू दाबून केलेलं मऊ कापड. हवं तसं सजवा, पण पुढच्या वर्षीच्या मुलांना ते कोरं मिळालं पाहिजे, एवढीच अट. मला ती जाचक वाटायची. जीव ओतून सजवायचं आणि आपल्याच हाताने उतरवायचं, हा कुठला न्याय?

त्या कोरेपणामागची मेहनत कळली ती लेकीसाठी तसेच आकार करायला बसलो तेव्हा. कडा आधी 120 नंबरच्या पॉलिश पेपरने, मग 220च्या. बाई कड गालावरून फिरवून बघायच्या, ते का हेही तेव्हाच उमगलं. काळा रंग पुरता वाळला की खडू आडवा धरून सगळीकडे फासायचा आणि पुसून टाकायचा. मी घाईत हे गाळलं. लेकीचं पहिलंच चित्र पुसल्यावरही भुतासारखं मागे उरलं. फेल्टच्या बाजूला मात्र गोंद लागतच नाही. फेल्टचेच तुकडे दाबले की तंतूंत तंतू अडकतात. फक्त आकार जरा तिरका टेकवायचा; अगदी उभा ठेवला तर जड तुकडे घसरतात.

सातवीत मी मुद्दाम अट मोडली. चांदणीच्या तिसऱ्या टोकावर चकाकता निळा कागद सुताराच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवला. राहू दे की माझं कायमचं! सुट्टीनंतर ओलं फडकं झालं, नखं झाली, पट्टीची कड झाली. अर्धा कागद रंगासकट निघाला, अर्धा हटेना. बाई ओरडल्या नाहीत. पॉलिश पेपर हातात देऊन म्हणाल्या, "घास." चार मधल्या सुट्ट्या घासण्यात गेल्या. शेवटी कंटाळून उरलेल्यावर काळा रंग फासला आणि चांदणी डब्यात ठेवून दिली.

लेक आपली सजावट दरवर्षी बेधडक उतरवते. तिचे तुकडे मीच गुपचूप पाकिटात जपतो.

महोत्सवाच्या तयारीला शाळेत आलो तेव्हा तो डबा दिसला. चांदणीवर कुणीतरी खडूने पिवळा मासा काढला होता. तिसऱ्या टोकावरून अंगठा फिरवला. तिथे, माशाच्या शेपटीखाली, बारीकसा उंचवटा अजून लागतो.