टेबलावरचा पाव आणि पाणी

लिस्बनला पोचलो त्या रात्री पोटात कावळे ओरडत होते. अल्फामा या जुन्या वस्तीतल्या चढावरच्या एका छोट्या खानावळीत बसलो. मेन्यू उघडायच्या आतच पावाची टोपली, ऑलिव्ह, लोणी आणि चीज समोर आलं. "किती अगत्य बघ!" आई म्हणाली. वेटर पावाला 'पाँव' म्हणाला आणि तिचा चेहरा खुलला. आपला पाव पोर्तुगीजांकडूनच आलेला, तो शब्द त्याच्या घरी ऐकताना मलाही भरून आलं.

टोपली आम्ही संपवली. बिलात मात्र 'कूवेर्त', म्हणजे त्या टोपलीच्या पैशांची, वेगळी ओळ होती. पोर्तुगालमध्ये हे असंच चालतं. हात लावला नाही तर पैसे नाहीत, नको असेल तर आल्या आल्या परत पाठवायचं. आमच्याकडे दारात आलेल्याला आधी पाण्याचा तांब्या देतात. त्यामुळे तिथून पुढे प्रत्येक गावात मी आधी पाव आणि पाण्याकडे बघायला लागले.

पॅरिसमध्ये जेवणासोबत पाव आणि साधं पाणी फुकट मिळतं. 1967 सालापासून तसा सरकारी नियमच आहे. फक्त 'काराफ दो', म्हणजे पाण्याचा जग, असं स्पष्ट मागायचं, नाहीतर विकतची बाटली येते. पावाला वेगळी बशी मात्र बहुतेक ठिकाणी नाही. 'बॅगेट' या लांबट पावाचा तुकडा सरळ टेबलक्लॉथवर ठेवतात. आईला ते काही पटेना, "खरकटं होईल गं," म्हणत तिने तो रुमालावर ठेवला. शेजारच्या आजोबांनी तुकडा मोडून बशीतला रस्सा टिपून घेतला, तेव्हा ती जरा सैलावली.

म्युनिकला नळाचं पाणी मागितलं तर वेटरच्या कपाळावर आठी आली. तिथे पाणी म्हणजे बाटलीतलं, तेही बुडबुड्यांचं. आईने एका घोटानंतर ग्लास बाजूला सारला.

रोममध्ये हॉटेलातली आणि रस्त्यातली तऱ्हा वेगळी. हॉटेलात पाण्याची बाटली विकतच घ्यावी लागली आणि बिलात पावाचेही पैसे होते. पण रस्त्यात पाणी अखंड वाहतं. 1874 पासून बसवलेले ते लोखंडी नळ, नाकासारख्या तोटीमुळे त्यांना 'नाझोने' म्हणतात. तोटी बोटाने दाबली की वरच्या भोकातून कारंजं उडतं आणि ओंजळ न करता पिता येतं. आईने ते तीनदा करून बघितलं, गार पाणी थेट तोंडात! जेवताना उरलेला सॉस पावाने पुसून घेण्याला तिथे 'स्कार्पेत्ता' म्हणतात, म्हणजे छोटा बूट. आमटीचा शेवटचा थेंब भाकरीने टिपणाऱ्या आईला हे वेगळं शिकवावं लागलं नाही.

आणि व्हिएन्ना! कॉफीहाउसमध्ये कॉफी येते ती धातूच्या छोट्या तबकात. शेजारी पाण्याचा ग्लास, त्यावर आडवा चमचा. हे नळाचंच पाणी, पण 1873 पासून थेट आल्प्समधल्या झऱ्यांवरून शहरात आणलेलं, त्यामुळे ते द्यायला कुणाला संकोच नाही. एक कॉफी घेऊन कितीही वेळ बसा, पेपर वाचा, कोणी उठवत नाही. बाहेर पाऊस लागला होता. आईचा ग्लास रिकामा दिसताच वेटरने न विचारता दुसरा भरून आणला. आईने दोन्ही हात जोडले. तोही किंचित झुकला आणि पुढच्या टेबलाकडे गेला.